एमएमएसाठी कुस्ती की कराटे?
चिपळूण-गुहागरकडची पोरं एमएमएकडे (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणारी लढत) वळताना विचारतात, आधी काय शिकू? माझं मत कुस्ती. एकेरी पट काढून, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून, गडी खाली आणता आला की लढत उभ्याने की जमिनीवर, हे तुम्ही ठरवता. पैलवान रितू फोगाट २०१९मध्ये कुस्तीच्याच जोरावर या खेळात उतरली. पण कुस्तीत पाठ टेकली की निकाल. इथे पाठीवर पडलेलाही गळा आवळतो. म्हणून पट काढताना मान खाली नको, डोकं त्याच्या बरगडीला चिकटवून नजर वर. सराव सुक्या पुळणीवर करा, पडलं तरी फारसं लागत नाही.

कराटेतलं अंतर राखणं मात्र खरंच मोलाचं. शोतोकान या कराटेच्या शैलीतला लिओटो माचिदा २००९मध्ये यूएफसी या एमएमएच्या मोठ्या स्पर्धेत लाइट हेवीवेट वजनगटाचा विजेता झाला. फक्त नुसत्या कातावर (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींवर) थांबू नका, स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, हवंच.