गुलमर्ग की टीटन? बॅककंट्री स्कीइंगआधी तिथल्या रहिवाशांची ओळख

रिसॉर्टच्या दोऱ्यांपलीकडे, न तुडवलेल्या बर्फात स्कीइंग करायचं ठरलं की घरून पहिला प्रश्न येतो, ‘तिथे अस्वलं असतात ना?’ असतात. गुलमर्गच्या अभयारण्यात आहेत आणि अमेरिकेत वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानातही आहेत. पण भर थंडीत ती ढाराढूर झोपलेली असतात. या दोनांपैकी एक जागा निवडायची असेल, तर त्या वेळी जागं कोण असतं ते आधी बघा.

टीटनमध्ये जागा असतो मूस. खांद्यापाशीच माणसाच्या उंचीचा, सांबर किरकोळ वाटावं असा हा प्राणी. खोल बर्फात चालून तोही दमतो, म्हणून आयती तुडवलेली वाट दिसली की खुशाल ती धरतो. तुम्ही स्कीच्या तळाला स्किनच्या, म्हणजे चढावर मागे घसरू न देणाऱ्या, पट्ट्या लावून, घामाघूम होत चढाची वाट पाडता आणि वळणावर बघता तर वाटेच्या मधोमध मूस! त्याला कसलीही घाई नसते. तुम्हीही करू नका. थांबा, नाहीतर लांबून वळसा घ्या. कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले की ओळखा, स्वारी चिडली आहे. अशा वेळी सरळ पळा आणि जाड झाड मध्ये घ्या. अस्वलासमोर मात्र कधीच पळायचं नाही. उद्यानाचा नियम अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर, बाकीच्या प्राण्यांपासून २३ मीटर दूर राहण्याचा आहे.

मला मात्र टीटनमध्ये सर्वात जास्त काळजी बिगहॉर्न मेंढ्यांची वाटते. जेमतेम शंभराच्या आसपासचा हा कळप. खाली दरीत वस्ती वाढली, हिवाळ्यात खाली उतरायच्या त्यांच्या जुन्या वाटा तुटल्या, आणि आता अख्खी थंडी त्या वाऱ्याने बर्फ उडालेल्या उंच कड्यांवर काढतात. मिळेल ते वाळकं गवत आणि अंगावरची चरबी, एवढ्यावर वसंतापर्यंत तग धरायचा. स्कीवाला जवळून गेला की त्या पळतात, आणि त्या पळण्यात गेलेली ताकद भरून काढायला तिथे खाणंच नसतं. म्हणून स्टॅटिक पीक, प्रॉस्पेक्टर्स, माउंट हंट या डोंगरांवरचे काही भाग हिवाळ्यात बंद असतात. उतार कितीही मोहात पाडो, नकाशावरची ती हद्द ओलांडू नका.

गुलमर्गची गोष्ट वेगळी. इथे चढायचे कष्ट गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, वाचवतो: २,६५० मीटरवरून दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंची इतक्या झटपट गाठली की डोकं धरतं, तेव्हा पहिला दिवस खालच्या टप्प्यावरच काढा. आजूबाजूला सुमारे १८० चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. त्यात बिबट्या आहे, आणि भूर्जाच्या रानात कस्तुरीमृग. या हरणाच्या नराला शिंगं नसतात, ओठांबाहेर लोंबणारे सुळे असतात. इतका भयंकर चेहरा आणि स्वभाव कमालीचा लाजाळू! झाडांमधून उतरताना दिसला तर नशीब समजा आणि मागे जाऊ नका. कोल्हा मात्र हमखास भेटतो, अगदी हॉटेलांच्या आसपासही. कितीही गोड दिसला तरी त्याला बिस्किट देऊ नका. माणसाच्या खाण्याला चटावलेल्या जंगली जनावराचं पुढे भलं होत नाही.

दोन्हीकडे जिवावर बेततं ते जनावरांमुळे नव्हे, हिमस्खलनामुळे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर त्यात गेले. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं आणि ती वापरायचा सराव नसेल तर दोन्ही बेत पुढे ढकला.

पहिलीच वेळ असेल तर माझं मत गुलमर्गला: व्हिसा नको, चढाई कमी, आणि सोबत उतार ओळखणारा स्थानिक गाईड घ्या. स्किन लावून तासन्‌तास चढता येत असेल, हिमस्खलनाचा कोर्स झाला असेल आणि प्राणी बघायची मनापासून ओढ असेल, तर टीटन. तिथे मार्चच्या मध्यानंतर जाणार असाल तर ग्रिझली या तिथल्या तपकिरी अस्वलांचे नर जागे व्हायला लागलेले असतात. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, विमानातून नेता येत नाही, तो तिथेच विकत घ्या आणि हात पटकन जाईल असा छातीपाशी अडकवा, सॅकच्या तळाशी नको.