इक्रिसॅटची ग्रामपाहणी: वापरणाऱ्याचा अभिप्राय

कोरडवाहू शेतीचा अभ्यास करणाऱ्याला हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेच्या ग्रामपाहणीपर्यंत आज ना उद्या यावेच लागते. ही पाहणी १९७५ साली सहा गावांत सुरू झाली. त्यांतली शिरापूर आणि कळमण ही सोलापूर जिल्ह्यातली, कंझरा आणि किनखेड ही अकोला जिल्ह्यातली, तर औरेपल्ली आणि डोकूर ही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातली. प्रत्येक गावातून ४० कुटुंबे घेतली: दहा भूमिहीन मजुरांची आणि दहा-दहा लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची. ही सगळी माहिती अभ्यासकांना विनामूल्य मिळते.

तिचे खरे मोल नोंदी घेण्याच्या पद्धतीत आहे. पाहणी करणारा माणूस गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जायचा, त्यामुळे पेरणीला किती मजूर लावले हे शेतकऱ्याला वर्षअखेरीस आठवून सांगावे लागत नसे. 'वाय' या प्रश्नावलीची फाइल उघडली की जमिनीच्या एकेका तुकड्यावरचे एकेक काम समोर येते. कोळपणीला बैलजोडी किती तास चालली, खुरपणीला घरच्या बायका किती तास होत्या आणि रोजंदारीच्या किती, हे वेगवेगळे लिहिलेले असते. 'बाईमाणसाची मजुरी' हा शब्द आपण सैलपणे वापरतो; इथे तो तासांत मोजलेला सापडतो.

याच गावांत अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी शेतकऱ्यांना नाणेफेकीवर खरे पैसे देऊन त्यांची जोखीम घेण्याची तयारी तपासली. डाव मोठा झाला की बहुतेक जण सावध होत, आणि सधन शेतकरी गरिबापेक्षा फारसा धीट निघाला नाही. गरीब शेतकरी स्वभावानेच भित्रा, असे ठासून सांगणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

घरखर्चाच्या आकड्यांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. गावातली कुटुंबे अडीअडचणीत एकमेकांना बऱ्यापैकी सावरून धरतात, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये याच आकड्यांवरून काढला. पण हा घरखर्च, म्हणजे उपभोग, मोजण्याच्या पद्धतीवर रॅव्हॅलियन आणि चौधरी या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये घेतलेले आक्षेप मला पटतात. शिवाय गावागणिक ४० घरांवरून जिल्ह्याची सरासरी सांगणे म्हणजे शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या पंगतीची परीक्षा करणे होय. पाहणीत १९८५ नंतर पडलेल्या खंडामुळे, २००१ पासूनच्या नोंदी जुन्यांशी जुळवताना वाटण्या होऊन फुटलेली घरे पुन्हा शोधावी लागतात, आणि त्यात आठवडे जातात. प्रश्नावल्या व संकेतसूची इंग्रजीत आहेत. ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्या नातवंडांना त्या मराठीत वाचता याव्यात, एवढी सोय व्हायला हवी होती.

नवख्याने सहाही गावे एकदम उघडू नयेत. कंझऱ्याचे एकच वर्ष घ्यावे, एकाच घराचे सगळे तुकडे कागदावर उतरवावेत आणि मगच संगणकाला हात लावावा.