थीम पार्कचा पास की एक दिवसाचं तिकीट? आधी मुलांची उंची मोजा

वार्षिक पासाची मुदत संपत आली की नूतनीकरणाचे मेसेज येऊ लागतात, आणि त्यात एकच आकडा ठळक असतो: इतके टक्के सूट. उन्हाळ्यापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत चौघांचा पास वापरून झाल्यावर सांगते, हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायची ती घरातल्या मुलांची उंची. पार्कांची ओळख करून देत बसत नाही. खोपोलीजवळचं इमॅजिका काय किंवा लोणावळ्याचं वॉटर पार्क काय, पुणेकरांना रस्ता आणि राइड दोन्ही पाठ आहेत.

मोठ्या पार्कांत मुलांचं तिकीट सहसा वयावर नसतं, उंचीवर असतं. पहिलीतला उंच मुलगा फुल तिकिटात जातो आणि चौथीतली बुटकी मुलगी हाफमध्ये बसते, जन्मदाखला दाखवून उपयोग नाही. पण खरी गोम पुढे आहे. उंचीच्या रेषा दोन असतात, एक तिकिटाची आणि दुसरी राइडची, आणि त्या एका जागी नसतात. समजा, तिकिटाची रेषा 120 सेंटिमीटरला आहे आणि मोठ्या रोलर कोस्टरची 140 ला. मग 126 सेंटिमीटरच्या मुलीचे पैसे मोठ्या माणसाइतके लागणार, आणि ज्या राइडसाठी ते घेतले तिथल्या फाटकावरून तिला परत पाठवणार. हा नियम बरोबरच आहे. खांद्यावरचा हार्नेस ठरावीक बांध्यासाठी केलेला असतो, लहान मूल त्यातून निसटू शकतं, तिथे हुज्जत घालू नये. मात्र तिकीट काढण्याआधी हे आपल्याला माहीत पाहिजे. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडखाली किमान उंची दिलेली असते. वही घेऊन प्रत्येक मुलापुढे चालणाऱ्या राइड लिहा. निम्म्याहून कमी भरल्या तर त्या मुलासाठी हे वर्ष थांबा.

मोजायचं नीट. खाली स्कर्टिंगची पट्टी नसलेली भिंत घ्या, मूल अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरा, पुस्तकाच्या खालच्या कडेशी पेन्सिलची खूण करा आणि जमिनीपासून धातूच्या टेपने मोजा. कापडी टेप ताणला जातो, तो नको. मुलींची अंबाड्यासारखी बांधलेली वेणी सोडा, तिच्यामुळे दोन-तीन सेंटिमीटर फुकट वाढतात आणि पार्कात कमी होतात. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा जवळपास सेंटिमीटरभर जास्त भरते, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. म्हणून जे मूल राइडच्या रेषेवर अगदी काठावर आहे, त्याची मोठी राइड सकाळी पहिली उरकावी. दुपारी चारला तीच पट्टी त्याला अडवू शकते.

आता पास. सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. एप्रिलमध्ये मुलांच्या दरात काढलेला पास डिसेंबरमध्ये चालेल का, की फरक भरावा लागेल, हे पास घेतानाच ईमेलवर विचारून ठेवा. फोनवरचं तोंडी उत्तर गेटवर कामाला येत नाही.

 मे महिन्यात पासाबद्दल मत चांगलं होतं, हिशोबही सोपा वाटत होता. आता तो बदललाय, म्हणून पुन्हा मांडते. धरून चालू की एक दिवसाचं तिकीट करासह 1,500 आणि पास 4,500. म्हणजे तीन फेऱ्यांत पैसे वसूल. कागदावर बरोबर. पण तिसरी फेरी फुकट नसते. स्वारगेटहून खोपोलीकडे जाऊन-येऊन 180 किलोमीटर, गाडी लिटरला 15 देत असेल तर 12 लिटर, म्हणजे साडेबाराशेच्या घरात पेट्रोल. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, माणशी 400 धरले तरी चौघांचे 1,600. दोन्ही वेळचा टोल, पार्किंग, लॉकर. साडेतीन हजारांच्या आसपास प्रत्येक फेरीला जातातच. पास आहे म्हणून जाणं म्हणजे दर वेळी हे साडेतीन हजार नव्याने खर्चणं. शिवाय बहुतेक पासांवर बंद तारखा असतात: दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, लागून आलेले शनिवार-रविवार. शाळेत जाणारी मुलं असतील तर आपल्याला मोकळे दिवस नेमके तेच. कॉलेजची, मधल्या वारी निघू शकणारी मुलं असतील तर पास घ्या. शाळकरी मुलांच्या घराला तो परवडत नाही.

पावसाळ्याचं तिकीट स्वस्त असतं, त्याला कारण आहे. वीज कडाडली किंवा जोराचा वारा-पाऊस आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि खोपोली-खंडाळ्याचा जुलैचा पाऊस आपल्या कोथरूडसारखा नाही. छताखालच्या राइड मात्र चालू राहू शकतात. इमॅजिकात डीप स्पेस हा अंधारातला कोस्टर, मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया, सलीमगढ या सगळ्या आत आहेत. नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर मात्र उघड्यावर आहे. घरात लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर पावसाळी तिकीट उलट फायद्याचं, रांगा कमी. नायट्रोसाठीच जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच.

याच पावसात एका बुकिंग ॲपने चांगलाच मनस्ताप दिला. ठरलेल्या तारखेला घाटात वाहतूक ठप्प होती. तारीख बदलायला गेलं तर ॲप म्हणे पार्कला विचारा, पार्क म्हणे जिथून काढलं तिथे विचारा. शेवटी तारीख बदलून मिळाली, पण सुविधा शुल्क आणि त्यावरचा कर गेलाच. तेव्हापासून तिकीट थेट पार्कच्या संकेतस्थळावरूनच. ॲपवरचा पन्नास-शंभराचा कॅशबॅक या भानगडीपुढे काही नाही. अशी टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, तक्रार नोंदवताना व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि तिकिटावरच्या अटी हाताशी ठेवा.

जाहिरातीतला दर कर धरून आहे का, हेही पाहा. 2018 च्या जानेवारीत थीम पार्कवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, पण 18 टक्के म्हणजे कर न धरलेल्या 1,500 वर 270, चौघांचे 1,080. एका वेळचं जेवण जवळपास त्यात निघतं.

मधला वार स्वस्त आणि मोकळा, हे नेहमी खरं नसतं. डिसेंबर-जानेवारीत मंगळवार-बुधवारी शाळांच्या सहली उतरतात आणि बसच्या बस एका राइडला उभ्या राहतात. भोसरी-चाकणच्या कंपन्यांत गुरुवारची सुट्टी असणाऱ्यांनी मुलांची एक दिवस शाळा बुडवून जूनचा शेवट किंवा सप्टेंबर साधावा. मुलं परीक्षेत अडकलेली नसतात, गर्दीही नसते.

जादा पैसे भरून मोठी रांग टाळणारं एक्स्प्रेस तिकीट सरसकट चौघांना काढू नका. वेगळी रांग बहुतेक मोठ्या राइडनाच असते, ज्या मुलाची उंची तिथे पुरत नाही त्याच्या एक्स्प्रेसचे पैसे वाया. आई-बाबांपैकी एकाने मुलाजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने राइड करायची, मग अदलाबदल, अशा वेळी फक्त दोघांचं एक्स्प्रेस काढलं तर दोनदा तासभर उभं राहणं वाचतं. ते प्रत्येक राइडला एकदाच चालतं की कितीही वेळा, हे आधी वाचा.

थीम आणि वॉटर पार्कचा एकाच दिवसाचा कॉम्बो घेऊ नका, कितीही स्वस्त दिसला तरी. कपडे बदलणं, लॉकर, ओले केस यात दीड तास जातो आणि दोन्ही अर्धवट राहतात. मुक्काम असेल आणि दोन दिवसांत वापरता येत असेल तरच. पाण्यात नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात, सुती कपड्याचे धागे सुटून पंपाच्या गाळणीत अडकतात. घरून नेलेत तर भाडं आणि डिपॉझिटची रांग दोन्ही टळतात.

आजी-आजोबांच्या सीनियर सिटिझन तिकिटाला सवलत असली तरी रक्तदाब, हृदयविकार, पाठीचा त्रास असणाऱ्यांना मोठ्या राइड बंद असतात. मोठ्या पार्कात नुसत्या प्रवेशाचं वेगळं तिकीट मिळत नसेल तर त्यांना आग्रह करून नेऊ नका. तीन-चार वर्षांच्या नातवंडासह त्यांना पेशवे पार्कात 1956 पासून धावणाऱ्या फुलराणी या मुलांच्या छोट्या रेल्वेत बसवा. पुढे त्याच पोराची उंची वाढली की मोठ्या पार्काचं बघता येईल. आणि सीनियरचं तिकीट काढलंच तर वयाचा मूळ पुरावा बरोबर घ्या, गेटवर झेरॉक्स चालेलच असं नाही.