बॉर्डर पार करायच्या कागदपत्रांची एजन्सी: 5 पैकी 3 तारे

कॅनडातून अमेरिकेत माल न्यायचा म्हणून एका एजन्सीला काम दिलं होतं. यूएसडॉट नंबर (अमेरिकेतली वाहतूक कंपनीची नोंदणी), इफ्टा (ट्रकच्या इंधन कराची नोंदणी), स्कॅक कोड (वाहतूक कंपनीच्या ओळखीची अक्षरं) सगळं बिनबोभाट झालं. तिथे नावं ठेवायला जागा नाही.

खरी कसोटी ई-मॅनिफेस्टची, म्हणजे ट्रक, ड्रायव्हर आणि मालाच्या ऑनलाइन माहितीची. ट्रक नाक्यावर पोचायच्या किमान 1 तास आधी ते अमेरिकन कस्टम्सच्या सिस्टिममध्ये पोचलेलं लागतं. फास्टवाल्यांना, म्हणजे आधीच पडताळणी झालेल्या वाहतूकदारांना, 30 मिनिटं. तिथल्या ताईंनी ड्रायव्हरला शेजारी बसवून पॅप्सचं (माल पोचण्याआधीच कस्टम्सने कागद तपासावेत म्हणून लावायचं) स्टिकर वाचायला शिकवलं: आधी आपली स्कॅकची अक्षरं, मग शिपमेंटचा नंबर. कस्टम्सचं काम बघणाऱ्या ब्रोकरची एन्ट्रीही त्याच नंबरावर जुळते, त्यामुळे एक आकडा इकडचा तिकडे झाला की गाडी बाजूला लागलीच म्हणून समजा. हे इतकं नीट कुणी समजावत नाही.

परतीच्या मालाचं मात्र अर्धवट. कॅनडाच्या कस्टम्सला स्कॅक चालत नाही. सीबीएसएचा (म्हणजे तिथल्या कस्टम्स खात्याचा) वेगळा कॅरियर कोड लागतो आणि पार्स नंबर (पॅप्सचा कॅनडातला भाऊ) त्यानेच सुरू होतो. हे आम्हालाच खोदून खोदून विचारावं लागलं! शिवाय रात्री फोन कुणी उचलत नाही. ट्रक काय ऑफिसच्या वेळेत धावतात?

नोंदणीसाठी जरूर जा. रोजचं मॅनिफेस्ट आपल्याच डिस्पॅचरकडे ठेवा.