स्लॅबची सळई आणि कमी भरलेले 44 किलो

फाट्यावरच्या स्टील-सिमेंटच्या दुकानातून मागच्या महिन्यात स्लॅबसाठी सळई घेतली. 12 एमएमचे 60 नग, 8 एमएमचे 100. सगळे 12 मीटरचे, मधोमध दुमडून टेम्पोत आलेले.

माझा जन्म गेला दूध डेअरीच्या काट्यावर. लिटरचं किलो करायचं तर 1.03 ने गुणायचं, हे मला झोपेतही जमतं. लोखंडाचंही तसंच, फक्त आकडा दणदणीत: एक घनमीटरला 7850 किलो. इंजिनियर पोरानं ते आणखी सोपं करून दिलं. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, की मीटरभर सळईचं वजन किलोत. 12 चा वर्ग 144, भागिले 162, म्हणजे 888 ग्रॅम. 8 एमएमला 395. वहीत मांडलं: 640 अधिक 474, एकूण 1114 किलो.

काट्याची पावती 1070 ची!

नग मोजले. परत मोजले. बरोबर भरले. मग वही घेऊन तावातावानं दुकान गाठलं. मालक वाद घालायला बसले नाहीत. 12 एमएमचा बरोबर मीटरभर तुकडा कापून घेतला आणि खिळे तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. 855 ग्रॅम.

"काका, 888 हा पुस्तकातला आकडा. रोलिंगमध्ये थोडं मागंपुढं होतंच. आयएस 1786 म्हणजे सळईचं भारतीय मानक, त्यात 12 एमएमच्या लॉटला वजनात 5 टक्के कमी-जास्तीची सूट आहे, 8 ला 7 ची. आता बिल बघा."

बिल 1070 किलोचंच होतं. रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो, दोन्ही वजनं पावतीवर. म्हणजे जे लोखंड आलंच नाही त्याचे पैसे लावलेच नव्हते. भांडायला गेलेलो मी चहा पिऊन परत आलो.

पायाच्या वेळी माल दुसरीकडून घेतला होता, नाव नको. तिथं बिल नगावर: 12 एमएमचा एक नग 10.66 किलो, गुणिले नग. तेव्हा वाटलं होतं, काय चोख हिशेब आहे! सळई हलकी असेल तर त्यात आपलाच खिसा कापला जातो, हे आत्ता कळलं. या मालाला तसं बिल लागलं असतं तर 58 च्या भावानं अडीच हजार जादा गेले असते. अर्थात हलकी सळई म्हणजे स्लॅबमध्ये लोखंडही तेवढं कमीच, म्हणून सुटीच्या आत आहे ना, ते मीटरभर तुकडा तोलून बघाच. इथं तोलून देतात, कपाळाला आठी न घालता.

चार तारे. पाचवा टेम्पोवाल्यानं घालवला. ताडपत्री अंथरलेली सोडून सगळी बंडलं रस्त्याकडेच्या चिखलात टाकली आणि निघून गेला. सळई पुसून घ्यायला दोन गड्यांचा अर्धा दिवस मोडला, तो खर्च कुणाच्याच बिलात नाही.