पाण्याखालचं गाव की वाटणीतलं घर?

तुम्हाला मैत्रीतून प्रेमाकडे जाणारी कादंबरी गोव्यात घडवायची आहे, पण कुठे? सांगे तालुक्यातल्या कुर्डीत, की भावंडांच्या वाटणीत अडकलेल्या एखाद्या जुन्या घरात? मृत्यू, कुटुंब आणि दोघांचा सामाईक वारसा दोन्हीकडे आहे. तरी माझा कौल कुर्डीला.

कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरतं आणि जोती, तुळशीवृंदावनं, जुन्या वाटा उघड्या पडतात. वालकिणी आणि वाडे इथे पुनर्वसन झालेली माणसं परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं चॅपेलच्या फेस्ताला जमतात. पाऊस लागला की गाव पुन्हा बुडतं.

हे लोक १९८०च्या दशकापर्यंत उठले, त्यामुळे आज तिशीत असलेलं कुणी तिथे नांदलेलं नाही. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. तुमच्या नायिकेला आपलं घर वडिलांच्या बोटानेच ठाऊक. समजा, वडील गेल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात ती चिखलात उभी आहे आणि आपलं जोतं कुठलं ते तिला ओळखता येत नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरातला तिचा बालमित्र मात्र सरळ तिथे जाऊन थांबतो, कारण तिचे वडील दाखवत असताना इतकी वर्षं तोही ऐकत आला होता. इथे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य लिहूच नका. फार तर कोंकणीतला ‘मोग’, म्हणजे प्रेम, हा शब्द पुढे कधीतरी येऊ द्या. तिथल्या हिंदू घरांत बोलणं कोंकणी आणि भजन मराठी, असंच असतं.

घराच्या गोष्टीत संघर्ष जास्त आहे, हे मान्य करायला हवं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालत आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, वारशाने आलेलीसुद्धा. मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, आणि मुलं असली तर निम्म्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला देता येत नाही. म्हणजे मित्राशी लग्न ठरताच काकांच्या डोळ्यांसमोर घराच्या कागदावर आणखी एक सही उभी राहते. त्या मैत्रीकडे सगळं घर संशयाने बघू लागतं. कथानकाला याहून चांगला पेच मिळणं कठीण.

पण मग वडिलांचं जाणं मागे पडतं. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या तारखा, वकील, कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या माडांचे हिशेब हेच पानं खातात. शिवाय घराच्या गोष्टीत दुःख तिचं एकटीचं. तो कितीही जवळचा असला तरी पाहुणाच. कुर्डीत दोघांच्याही घरांची जोतीच उरली आहेत. मैत्रीतून उमलणाऱ्या प्रेमाला ही बरोबरी लागते.

कायद्याची आणि नातलगांच्या राजकारणाची तुम्हाला खरोखर ओढ असेल तर घर घ्या. नायिकेच्या वडिलांच्या जाण्यासाठी लिहीत असाल तर कुर्डी. मे महिन्यात एकदा जाऊन या, आणि वालकिणीतल्या एखाद्या आजीला बरोबर न्या. जोतं कुणाचं, हे तीच सांगेल.