लायनीवर डबल ड्रायव्हर की लोकल गाडी: गॅस वाहतुकीतील दोन नोकऱ्यांचा तुलनात्मक आढावा

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि मशीनशॉप, मच्छे व होनगा येथील कारखाने, शहरातील मोठी रुग्णालये आणि खानापूर-बैलहोंगलपर्यंत पसरलेली गॅस कटिंगची लहान दुकाने या सर्वांना ऑक्सिजन, नायट्रोजन, आरगॉन किंवा ॲसिटिलीन लागतच असतो. तो पोचवणाऱ्या गाड्यांवर हेवी लायसन्स असलेल्या माणसाला साधारण दोन प्रकारचे काम मिळते. एक म्हणजे लायनीवरच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, टँकरवर डबल ड्रायव्हर म्हणून जाणे, ज्यात दोघे आळीपाळीने स्टिअरिंग धरतात आणि गाडी शक्यतो थांबत नाही. दुसरे म्हणजे लोकल गाडी, जी सकाळी डेपोतून निघते आणि संध्याकाळी किंवा फार तर रात्री परत लागते. मी सहा वर्षे लोकल सिलिंडरच्या गाडीवर आणि त्यानंतर पाच वर्षे टँकरवर जोडीने काढली आहेत, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच आणि तो लपवण्याचा माझा प्रयत्नही नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत दोन्ही नोकऱ्यांत फरक नाही. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद दोन्हीकडे हवी. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर या नोंदीची मुदत तीन वर्षांची झाली असून नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. ड्रायव्हरला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी अशी नियमाची अट आहे. म्हणजे मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला कागदोपत्री काही अडचण नाही, मात्र गदग-कोप्पळच्या पट्ट्यात रात्री टायर बसला की बोलता येण्यापुरते कन्नड उपयोगी पडते, हेही तितकेच खरे.

लोकल म्हणजे नेमके काय, हे आधी विचारावे

लोकल नोकरीची जाहिरात पाहून फसगत होण्याचे मुख्य कारण असे की या एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामे येतात. पहिले काम सिलिंडरच्या गाडीचे. जंबो सिलिंडर रिकामाच पन्नास किलोच्या आसपास भरतो आणि त्यात 150 बार, म्हणजे हवेच्या सुमारे दीडशे पट, दाबाचा गॅस असतो. तो उभा धरून, तिरका करून, बुडाच्या कडेवर फिरवत न्यायचा असतो. सोबतीला हमाल देतो असे मालक सांगतो, पण हमाल रजेवर असलेल्या दिवशी ते काम ड्रायव्हरच्या कमरेवर येते. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या गळ्याचा ऑक्सिजन, करड्या अंगाचा आणि काळ्या गळ्याचा नायट्रोजन, निळा आरगॉन, मरून रंगाचा ॲसिटिलीन हे रंग पहिल्या आठवड्यात डोळ्यांत बसतात, कमरेचे दुखणे मात्र चौथ्या-पाचव्या वर्षी कळते.

दुसरे लोकल काम लहान टँकरचे, म्हणजे द्रवरूप गॅस घेऊन कारखाने व रुग्णालयांच्या उभ्या टाक्या भरत फिरण्याचे. इथे वजन उचलावे लागत नाही, पण दिवसातून चार-पाच ठिकाणी होज, म्हणजे टँकरमधून गिऱ्हाइकाच्या टाकीत द्रव नेणारी नळी, जोडावा आणि सोडवावा लागतो. द्रव ऑक्सिजन उणे 183 आणि द्रव नायट्रोजन उणे 196 अंश सेल्सिअसवर उकळतो, त्यामुळे हातमोजे, चेहऱ्यावरची ढाल आणि बुटांच्या बाहेर सोडलेली पँट यांत केलेला आळस कातडीवर निघतो. शिवाय पहिल्या दोन ठिकाणी माल खाली केल्यानंतर टाकी अर्धवट भरलेली राहते आणि आतला द्रव वळणावर एका बाजूला झेपावतो. आत आडव्या जाळ्या असल्या तरी ही ओढ पूर्ण थांबत नाही. चोर्ला घाटातून अर्धी टाकी घेऊन उतरणाऱ्याला ही ओढ सीटवर बसल्या बसल्या जाणवते.

धोक्याची जागाच दोन्ही नोकऱ्यांत वेगळी आहे, आणि ही गोष्ट नवे लोक सहसा लक्षात घेत नाहीत. लायनीवर माल एकदा भरायचा आणि बहुधा एकदाच खाली करायचा असतो, म्हणून होजचा धोका कमी आणि रस्त्याचा व झोपेचा जास्त. लोकलमध्ये झोप पुरते, पण प्रत्येक गिऱ्हाइकाकडे वेगळी जागा आणि वेगळी माणसे. एकदा उद्यमबागेतील एका मशीनशॉपमध्ये ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हचे आटे घट्ट लागत होते, तेव्हा तिथला मदतनीस मोठ्या आपुलकीने तेलाची झारी घेऊन आला. त्याचा हात मी मनगटापाशी धरला. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस लागले तर ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. द्रव ऑक्सिजनचा टँकर डांबरी जमिनीवर उभा करून खाली करू नये, कारण डांबरावर सांडलेला द्रव साध्या आघातानेही भडकू शकतो. हेही प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाच्या आवारात ड्रायव्हरलाच पाहावे लागते. ज्याला माणसांशी शांतपणे पण ठामपणे बोलता येत नाही, त्याने लोकल टँकरचे काम घेऊ नये असे माझे मत आहे.

जोडीची नोकरी आणि जोडीदार

लायनीवरचे काम दोन ड्रायव्हरांचे असण्याला कारण आहे. टाकीला दुहेरी भिंत व मधे निर्वात पोकळी असली तरी आतला द्रव हळूहळू उकळतच राहतो, दाब वाढतो, तो एका मर्यादेपुढे गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि विकायचा माल हवेत जातो. द्रव ऑक्सिजनचा गॅस झाला की त्याचे आकारमान साडेआठशे पटींहून अधिक होते, यावरून उभ्या टँकरची घाई समजावी. म्हणून बेळगावहून बळ्ळारीकडच्या, पोलाद कारखान्याच्या तोरणगल्लूपर्यंतचे पावणेतीनशेच्या आसपासचे किलोमीटर असोत की बेंगळुरूपर्यंतचे सुमारे पाचशे, गाडी चालती राहावी असे मालकाला वाटते. एप्रिल-मे 2021 मध्ये ऑक्सिजनच्या टंचाईत नायट्रोजनचे व आरगॉनचे टँकरही ऑक्सिजनसाठी लावावे लागले, तेव्हा ही घाई सगळ्या देशाने पाहिली.

मात्र नॅशनल परमिटच्या, म्हणजे इतर राज्यांतही माल नेण्याची परवानगी असलेल्या, गाडीवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत ही सक्ती 2018 मध्ये उठली आहे. दुसरा ड्रायव्हर आज कंपनीच्या सुरक्षा धोरणामुळे किंवा गिऱ्हाइकाच्या अटीमुळे मिळतो. तेव्हा जोडीदार रजेवर गेला तर मला एकट्याला पाठवणार का, आणि पाठवल्यास विश्रांतीचे तास कसे धरणार, हे रुजू होण्यापूर्वी विचारून लेखी घ्यावे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची सर्वसाधारण मर्यादा आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. बोलणी करताना निदान हा मापदंड डोळ्यांसमोर असावा.

पण जोडीच्या नोकरीचा खरा प्रश्न कायद्याचा नसून चालत्या गाडीत झोपण्याचा आहे. गदगच्या रस्त्यावर पहाटे तीनच्या सुमारास मी मागच्या बर्थवर आडवा असे, आणि जोडीदाराने गिअर कसा टाकला यावरून तो ताजा आहे की पेंगतो आहे हे मला डोळे मिटूनही कळे. चढाला गिअर बदलायला उशीर झाला आणि इंजिन दम टाकू लागले की मी उठून बसत असे, खिडकीची काच खाली घेत असे आणि काही न बोलता पाण्याची बाटली पुढे करत असे. अशा झोपेला आठ तास म्हणावे की चार, हे मला पाच वर्षांत ठरवता आले नाही. पहिल्या वर्षीचा माझा जोडीदार आपल्या पाळीपूर्वी झोपण्याऐवजी मोबाइल पाहत बसे. तीन महिन्यांत मी गाडी बदलून मागितली. त्यानंतरचा जोडीदार निपाणीकडचा, वयाने मोठा, कमी बोलणारा, आणि डोळे जड झाले की स्वतःहून गाडी बाजूला घेऊन मला उठवणारा होता. पगार तोच, रस्ता तोच; पण ती मला वेगळीच नोकरी वाटली.

पैशाचा हिशेब

लायनीचा पगार जास्त दिसतो, आणि तो कसा मोजावा यावर बरेच अवलंबून आहे. पुढचे आकडे केवळ रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. समजा लोकलला 20,000 रुपये पगार, 26 दिवस, दिवसाला 10 तास; म्हणजे 260 तासांना तासाला सुमारे 77 रुपये पडले. समजा लायनीवर 24,000 पगार आणि 22 दिवसांचा रोज 500 प्रमाणे 11,000 भत्ता, एकूण 35,000. त्यातून ढाब्यावरचे जेवण व चहापाणी रोजचे 300 प्रमाणे 6,600 वजा केले तर हातात 28,400 राहतात. घराबाहेरचे सगळे 528 तास मोजले तर तासाला जेमतेम 54 रुपये पडतात, पण केवळ स्वतःच्या पाळीचे रोजचे 12 तास मोजले तर तेच सुमारे 108 होतात. बर्थवरची झोप आपली मानायची की मालकाची, यावर उत्तर उलटते. घरी म्हातारे आईवडील किंवा लहान मूल असलेल्याने पहिला हिशेब धरावा. डोक्यावर कर्ज असलेल्या अविवाहित मुलाने दुसरा धरला तर त्याला मी चूक म्हणणार नाही.

भत्ता कशावर मिळतो हेही पाहावे. मी एका ठेकेदाराकडे होतो तेव्हा भत्ता फक्त चाललेल्या किलोमीटरवर होता, आणि प्लांटच्या गेटबाहेर रांगेत गेलेले दीड-दोन दिवस हिशेबात येतच नव्हते. ते बदलून घ्यायला मला वर्ष लागले. लोकलमध्ये ही तक्रार नसते, तिथे ओव्हरटाइम वहीत नोंदला जातो की तोंडी राहतो हे पाहणे पुरेसे आहे. भविष्य निर्वाह निधी व ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची चौकशी दोन्हीकडे करावी. ईएसआय 21,000 रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनाला लागू होते, त्यामुळे पगार त्या रेषेजवळ असेल तर किंचित वाढीने ते संरक्षण जाऊ शकते, आणि मग कंपनीचा वेगळा विमा आहे का हे विचारावे लागते.

आपल्या भागापुरत्या काही गोष्टी

सीमाभागात राहणाऱ्याला नंबरप्लेटचाही विचार करावा लागतो. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. वातावरण तापले की एमएच-09 ची गाडी धारवाडकडे आणि केए-22 ची गाडी कोल्हापूरकडे नेणारा ड्रायव्हर, तो घरी कोणतीही भाषा बोलत असो, काचेमागे एकटाच असतो. लायनीवर हा प्रश्न अधूनमधून येतो, लोकलला जवळजवळ नाही. उलट हिवाळ्यात चिकोडी-रायबाग पट्ट्यातले मागचा दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर-ट्रेलर लोकल ड्रायव्हरलाच अधिक भेटतात.

खानापूर व बेळगाव तालुक्यांत भाताची लावणी असलेल्या घरांना जून-जुलैत हात कमी पडतात. लोकल ड्रायव्हर सकाळी चिखलात दोन तास घालवून गाडीवर येऊ शकतो, लायनीवरचा नाही. खंडेनवमीला गाडीची पूजा दोघेही करतात, फक्त लायनीवरचा ती बहुधा परक्या गावच्या पार्किंगमध्ये करतो.

माझ्या मते तिशीच्या आतल्या, पाठ धड असलेल्या आणि चांगला जोडीदार मिळालेल्या माणसाने चार-पाच वर्षे लायन करावी आणि नंतर लोकल टँकरकडे यावे. सिलिंडरच्या गाडीवर मात्र लहान वयातही फार काळ राहू नये. चांगला जोडीदार मिळेल याची खात्री नसेल तर हा सल्ला लागू होत नाही. म्हणून रुजू होण्यापूर्वी ज्याच्याबरोबर जोडी लावणार आहेत त्याच्यासह एक फेरी मागून घ्यावी, आणि त्या फेरीत रात्रीची पहिली पाळी त्याला देऊन आपण बर्थवर जावे. झोप लागली की नाही, हे सकाळी डेपोत कागदावर सही करण्यापूर्वी आपल्याला ठाऊक असेल.